पीएस३ला अजून अपडेट का येतं? गेमसाठी नव्हे, सिनेमाच्या डिस्कसाठी!

मार्च २०२५ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ साठी एक नवं अपडेट सोडलं. आवृत्ती ४.९२. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये ४.९१ आलं होतं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ४.९०.

आता हे यंत्र किती जुनं, तर २००६ च्या नोव्हेंबरात ते जपान-अमेरिकेत विकायला आलं. भारतात एप्रिल २००७ मध्ये आलं, तेव्हा किंमत होती ३९,९९० रुपये. जपानमध्ये त्याचं उत्पादन २०१७ मध्येच थांबलं. नवे गेम कधीचेच बंद. ज्या काळातला मोबाईल आज कुणी फुकट दिला तरी घेणार नाही, त्या काळातल्या यंत्राकडे कंपनी दरवर्षी अपडेट पाठवते, यात काहीतरी गोम असणारच.

गोम अशी, की या अपडेटचं मुख्य काम गेमशी संबंधित नाहीच. ते आहे ब्ल्यू-रे प्लेअरची किल्ली बदलण्याचं. म्हणजे जे यंत्र घरी आणलं गेम खेळायला, ते आज कंपनीच्या लेखी जिवंत आहे सिनेमाच्या डिस्कमुळे.

औशात याचं काय?

लातूरपासून वीसेक किलोमीटरवरच्या औशात ब्ल्यू-रे डिस्क किती घरांत असतील, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. जवळपास नाहीतच. पण डिस्क मात्र आहेत. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, लग्नाच्या अल्बमशेजारी, प्लास्टिकच्या डबीत. थोरल्याचं लग्न कॅसेटवर, मधल्याचं व्हीसीडीवर, धाकट्याचं डीव्हीडीवर, असा मराठवाड्यातल्या कुठल्याही घराचा क्रम निघतो. डबीवर नवरा-नवरीचा फोटो आणि शूटिंगवाल्याचा नंबर.

ही डिस्क लावायची कशात? डीव्हीडी प्लेअर भंगारात गेला. नव्या लॅपटॉपला डिस्कची खाच नसते. मग घरात उरतो तो पुण्या-हैदराबादला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या पोराने जुन्या बाजारातून आणलेला पीएस३ नाहीतर पीएस४. बऱ्याच घरांत डिस्क वाचणारं शेवटचं यंत्र हेच आहे. त्यामुळे ते कोणती डिस्क चालवतं, कोणती नाकारतं आणि हे ठरवतं कोण, हा प्रश्न फक्त गेमवाल्या पोरांचा राहत नाही.

फर्मवेअर म्हणजे नेमकं काय?

यंत्राच्या आत कायमचं बसवलेलं, यंत्राला चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर. साध्या डीव्हीडी प्लेअरमध्येही ते असायचं, पण कारखान्यातून बाहेर पडलं की सहसा तसंच राहायचं. गेम कन्सोल वेगळा. त्यात हार्ड डिस्क, इंटरनेट आणि दणकट प्रोसेसर होता. म्हणून घरी आल्यावरही तो नव्या गोष्टी शिकू शकत होता.

पीएस३ने हे जितकं करून दाखवलं, तितकं त्या काळातल्या क्वचितच एखाद्या प्लेअरने केलं असेल.

२००६ मध्ये सॅमसंगचा पहिला ब्ल्यू-रे प्लेअर अमेरिकेत सुमारे हजार डॉलरला मिळत होता. पीएस३ची किंमत होती ४९९ आणि ५९९ डॉलर. गेम खेळणारं यंत्र सिनेमाच्या प्लेअरपेक्षा स्वस्त! अनेकांनी गेम न खेळताच ते घेतलं.

मे २००७ मध्ये १.८० हे अपडेट आलं. जुन्या डीव्हीडीचं चित्र मोठ्या टीव्हीवर ताणून नीट दाखवायची सोय त्यात होती, आणि ब्ल्यू-रे सिनेमा सेकंदाला २४ चित्रांच्या मूळ वेगात टीव्हीला द्यायचीही. सिनेमा २४ चित्रांच्या वेगाने शूट होतो, अमेरिकेतले टीव्ही मात्र ६० च्या हिशेबात चालतात. २४ ने ६० ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून कॅमेरा आडवा फिरला की चित्र हलकंसं अडखळतं. अपडेटनंतर, टीव्ही साथ देत असेल तर, हे अडखळणं गेलं. ग्राहकाने एक रुपया जास्त दिला नव्हता.

डिसेंबर २००७ मध्ये २.१० आलं, मार्च २००८ मध्ये २.२०. इथे खरी गंमत झाली. ब्ल्यू-रेच्या नियमांत प्लेअरचे टप्पे ठरलेले होते. पहिल्या टप्प्याचा प्लेअर फक्त सिनेमा दाखवणार. पुढच्याला कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत दिग्दर्शकाचं बोलणं दाखवता येणार. त्यापुढचा, म्हणजे प्रोफाइल २.०, इंटरनेटवरून जादा मजकूर आणणार. त्यासाठी किमान एक जीबी साठवण आणि नेटची जोडणी हवी. हजार डॉलर मोजलेल्या कित्येक प्लेअरांत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. ते जागच्या जागी जुने झाले. पीएस३मध्ये दोन्ही आधीपासून होत्या, म्हणून एका रात्रीत तो सगळ्यात वरच्या टप्प्यावर गेला.

एप्रिल २००८ च्या २.३० ने डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, म्हणजे स्टुडिओतल्या मूळ ध्वनिमुद्रणाइतका अस्सल आवाज उलगडायची क्षमता दिली. सप्टेंबर २०१० च्या ३.५० ने तर थ्रीडी ब्ल्यू-रे चालू केलं. २००६ मध्ये बनलेल्या यंत्रावर, थ्रीडी ब्ल्यू-रेचे नियम ठरायच्या आधीच्या यंत्रावर!

(आज परिस्थिती उलटी आहे. पीएस५ थ्रीडी ब्ल्यू-रे चालवत नाही. एक्सबॉक्स सिरीज एक्सही नाही. ज्यांच्याकडे थ्रीडी डिस्क आहेत, ते पीएस३ किंवा पीएस४ जपून ठेवतात.)

याच काळात दुसरीकडे मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६०साठी १९९ डॉलरचा वेगळा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह आणला होता. एचडी डीव्हीडी म्हणजे तोशिबाच्या गटाने पुढे आणलेला ब्ल्यू-रेचा स्पर्धक. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने ब्ल्यू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात टेकले. ब्ल्यू-रे जिंकण्यात घराघरांत आधीच पोचलेल्या पीएस३चा वाटा मोठा होता.

मग दरवर्षी किल्ली कशाला बदलायची?

ब्ल्यू-रे डिस्कवरचा सिनेमा कुलपात असतो. या कुलपाचं नाव एएसीएस. डिस्ने, वॉर्नर, सोनी, पॅनासॉनिक, तोशिबा, इंटेल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ही पद्धत उभी केली. प्रत्येक मान्यताप्राप्त प्लेअरला स्वतःच्या किल्ल्या दिलेल्या असतात. प्रत्येक डिस्कवर सिनेमाबरोबर एक गणिती तुकडा असतो, आणि प्लेअरची किल्ली त्या तुकड्याशी जुळली तरच सिनेमा उघडतो.

आता एखादी किल्ली चोरांच्या हाती लागली तर? २००७ मध्ये तेच झालं. एका कॉम्प्युटर प्लेअरमधून किल्ल्या बाहेर काढल्या गेल्या आणि इंटरनेटवर पसरल्या. डिग नावाच्या अमेरिकी वेबसाइटने ३२ अक्षर-अंकांची अशीच एक किल्ली काढून टाकायला सुरुवात केली, तेव्हा वापरकर्त्यांनी चिडून तीच हजारो वेळा टाकली. शेवटी वेबसाइटलाच माघार घ्यावी लागली.

एएसीएसकडे मात्र यावर उत्तर तयार होतं. पुढच्या डिस्क छापताना त्यावरचा गणिती तुकडा असा बदलायचा, की रद्द केलेल्या किल्लीने तो उघडणारच नाही. विकल्या गेलेल्या डिस्कना हात लावायची गरज नाही. नवा सिनेमा, नवं कुलूप. सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या प्लेअरच्या किल्ल्या म्हणूनच ठरावीक काळाने बदलत राहतात, आणि पीएस३चं वार्षिक अपडेट हे त्याचंच काम आहे.

व्यवहारात अर्थ असा: दहा वर्षं नेट न लावलेला पीएस३ कपाटातून काढला आणि त्यात नवी ब्ल्यू-रे डिस्क घातली, तर डिस्क चांगली, यंत्र चांगलं, पैसे मोजलेले, तरीही सिनेमा चालेलच असं नाही. आधी अपडेट करा, असा निरोप पडद्यावर येऊ शकतो. आणि ज्या वर्षी सोनी किल्ली पाठवणं थांबवेल, त्यानंतरच्या डिस्कचं काय होईल, हे ग्राहकाच्या हातात नाही.

अपडेट देतं, तसं काढूनही घेतं

२००९ च्या सुमारास पीएस३मध्ये सिनाव्हिया नावाची गोष्ट आली. सिनेमाच्या आवाजातच एक खूण लपवलेली असते. माणसाच्या कानाला ती कळत नाही, यंत्राला कळते. थिएटरमध्ये चोरून रेकॉर्ड केलेला सिनेमा डिस्कवर घालून लावला, तर यंत्र काही मिनिटांनी तो बंद करतं. दुकानातल्या ब्ल्यू-रेची नक्कल असेल तर आवाज गायब होतो. एसटी स्टँडबाहेरच्या गाड्यावर मिळणाऱ्या डिस्कवर असा इलाज होता म्हणायचा. चोरी थांबवायला हरकत कुणाची नाही, पण 'नवीन सुविधा' म्हणून आलेल्या अपडेटमध्ये ग्राहकाने न मागितलेला पहारेकरीही होता, ही नोंद घ्यायला हवी.

त्याहून ठळक प्रकार १ एप्रिल २०१०चा. पीएस३वर लिनक्स बसवायची सोय सोनीने स्वतःच दिली होती, तिची जाहिरातही झाली होती. ३.२१ या अपडेटने ती काढली. अपडेट नाकारायची मुभा होती, पण नाकारलं तर ऑनलाइन गेम बंद, आणि नवे गेम व नव्या ब्ल्यू-रे डिस्कही अडणार. अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला, २०१६ मध्ये सोनीने तडजोड केली. दरम्यान २०११ च्या सुरुवातीला हॅकर्सनी पीएस३ची मूळ किल्लीच जगजाहीर केली होती.

तिथूनच 'जेलब्रेक' यंत्रांचा बाजार फोफावला, आणि तो आपल्याकडेही पोचला. जुना पीएस३ विकणारा दुकानदार पन्नास गेम भरून देतो आणि बजावतो, "अपडेट मारू नका." कारण अपडेट मारलं की फुकटचे गेम जातात. पण अपडेट नाही म्हणजे नवी किल्लीही नाही. स्वस्तात पडलेल्या त्या यंत्राला नव्या डिस्क ओळखता येत नाहीत, हे दुकानदार सांगत नाही. बहुतेकदा त्यालाही ते माहीत नसतं.

कायद्याचं म्हणाल, तर २०१२ च्या दुरुस्तीने भारताच्या कॉपीराइट कायद्यात ६५ए हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

ब्ल्यू-रे आपल्याकडे रुजलंच का नाही?

कारण स्वस्ताईने आधीच मैदान मारलं होतं. २००७ मध्ये मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली. त्याच वर्षी चाळीस हजारांच्या पीएस३मध्ये शेकड्यांनी रुपयांची ब्ल्यू-रे कोण घालणार? पुढे २०१६ उजाडलं. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, सप्टेंबरात जिओ. औशासारखी गावं व्हीसीडी-डीव्हीडीवरून थेट मोबाईलवर गेली, मधली पायरी चढलीच नाही. मोझर बेअरही २०१८ मध्ये अवसायनात निघाली.

तिकडे श्रीमंत देशांतही डिस्क आटत चालली आहे. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं सोडलं, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे प्लेअर आणणं थांबवलं. त्यामुळे फोर-के डिस्कसाठीसुद्धा आज अनेकांचा आधार कन्सोलच आहे. तरीही नव्या कन्सोलमध्ये डिस्कचं काम पूर्ण मनाने केलेलं दिसत नाही. पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स दोघेही फोर-के ब्ल्यू-रे चालवतात, पण डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन दोघांनाही येत नाही. एक्सबॉक्सला ते गेममध्ये आणि स्ट्रीमिंगमध्ये जमतं, डिस्कवर नाही.

नव्या यंत्रांत नेट लागतंच

पीएस३ खोक्यातून काढला आणि डिस्क घातली की सिनेमा सुरू. पीएस४ (भारतात जानेवारी २०१४, किंमत पुन्हा ३९,९९०) मध्ये तसं नव्हतं. डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रे लावायची सोय एकदा इंटरनेटवरून चालू करून घ्यावी लागते. एक्सबॉक्स वनलाही आधी नेट लागायचं आणि ब्ल्यू-रेचं ॲप वेगळं उतरवून घ्यावं लागायचं. पीएस४मध्ये थ्रीडी ब्ल्यू-रे जुलै २०१४ च्या १.७५ अपडेटने आलं, पीएस४ प्रोने फोर-के ब्ल्यू-रे कधीच चालवलं नाही.

नोव्हेंबर २०२३ मधल्या सडपातळ पीएस५पासून ड्राइव्हच सुटा झाला. बिनड्राइव्हचं यंत्र घ्या, नंतर ड्राइव्ह जोडा. पण जोडताना इंटरनेटवरून सोनीच्या सर्व्हरशी ओळखपरेड करावी लागते. आज ते दोन मिनिटांचं काम आहे. पीएस५ जेव्हा आजच्या पीएस३इतका म्हातारा होईल, तेव्हा तो सर्व्हर चालू असेल का? २०२४ च्या पीएस५ प्रोमध्ये ड्राइव्ह मुळातच येत नाही. ते यंत्र तेव्हा भारतात आलंच नाही, कारण त्याचं वायफाय ज्या ६ गिगाहर्ट्झ लहरींवर चालतं त्यांना इथे परवानगी नव्हती.

'डिस्क नको, ऑनलाइन विकत घेऊ' म्हणणाऱ्यांसाठी डिसेंबर २०२३ ची गोष्ट पुरेशी आहे. प्लेस्टेशनवर पैसे देऊन 'विकत' घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम ३१ डिसेंबरपासून ग्राहकांच्या खात्यातून जातील, असं सोनीने जाहीर केलं. ओरड झाली, करार वाढवला गेला, कार्यक्रम वाचले. पण विकत घेतलेली वस्तू दुसऱ्याच्या करारावर टिकून असते, हे लोकांना तेव्हा कळलं. कुलपं-किल्ल्यांचा सगळा त्रास धरूनही डिस्क याबाबतीत बरी. घरात येऊन ती कुणी उचलून नेत नाही.

आता कपाटातल्या लग्नाच्या डिस्कचं

चांगली बातमी आधी. शूटिंगवाल्याने दिलेल्या डीव्हीडीवर एएसीएस वगैरे काही नसतं, त्यामुळे वार्षिक किल्लीशी तिचा संबंध नाही. रेकॉर्डिंग नीट पूर्ण करून डिस्क बंद केलेली, म्हणजे 'फायनलाइज' केलेली असेल आणि ओरखडे नसतील, तर पीएस३, पीएस४, पीएस५ यांवर ती चालायला हवी. पीएस४ असेल तर आधी एकदा मोबाईलचा हॉटस्पॉट जोडून डिस्कची सोय चालू करून घ्या.

वाईट बातमी व्हीसीडीची. पीएस४ आणि पीएस५ सीडी वाचतच नाहीत, मग ती गाण्यांची असो की लग्नाची. इतक्या वर्षांत कोणत्याही अपडेटने ते बदललेलं नाही.

परदेशातल्या नातेवाइकांना डिस्क पाठवताना किंवा त्यांच्याकडून मागवताना विभाग बघा. विकतच्या ब्ल्यू-रेसाठी भारत 'सी' विभागात, अमेरिका 'ए'मध्ये, युरोप 'बी'मध्ये. अमेरिकेतून आणलेली डिस्क इथल्या यंत्रात चालेलच असं नाही. फोर-के ब्ल्यू-रेला विभागाचं बंधन नाही. आपल्या लग्नाच्या डीव्हीडी इथल्या पाल पद्धतीच्या असतात. न्यू जर्सीतल्या चुलतभावाच्या अमेरिकी पीएस३वर ती लागली नाही, तर दोष डिस्कचा नाही.

पीएस३ अपडेट करायचाच असेल तर साधारण दोनशे एमबी लागतात. नेट कच्चं असेल तर फाइल सोनीच्या अधिकृत साइटवरून कॉम्प्युटरवर उतरवून, एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवरून घालता येते. अपडेट चालू असताना लाइट गेली तर यंत्र कायमचं बंद पडू शकतं. मराठवाड्यात हे वेगळं सांगायला नको. इन्व्हर्टरवर लावूनच सुरू करा. आणि जेलब्रेक यंत्र असेल, तर अपडेटनंतर आतले गेम चालणार नाहीत हे धरून चाला.

यात सर्वात घाई लग्नाच्या डिस्कचीच आहे, कारण घरी लिहिलेली डीव्हीडी रंगद्रव्याच्या थरावर टिकून असते आणि उन्हाने, दमटपणाने तो थर खराब होतो. कन्सोलवर ती बघता येते, पण तिची फाइल बाहेर काढता येत नाही. त्यासाठी बाहेरून जोडायचा यूएसबी डीव्हीडी रायटर लागतो. तो लातूरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो, नाहीतर एखाद्या जुन्या फोटो स्टुडिओत अजून पडलेला असतो. व्हीसीडी त्यात घातली की 'एमपेगएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये 'डॅट' प्रकारची मोठी फाइल दिसते. तीच लग्नाची फिल्म. कॉम्प्युटरवर उतरवा आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा.